आंधळं वळण

"तात्या, तुम्ही फक्त रोजच्यासारखी गाडी चालवायची. बाकी ती बघून बघून शिकेल," असं म्हणत श्रेया मॅडमनी सावळाराम तात्यांच्या ट्रकला चार कॅमेरे चिकटवले.

बारामती एमआयडीसीतल्या कारखान्यातून पशुखाद्याची पोती इंदापूरला पोचवायची आणि निरवांगीवरून रिकामी गाडी परत आणायची, हा तात्यांचा अकरा वर्षांचा नेम. आजवर त्यांना कुणी साधी सायकल शिकवायलासुद्धा बोलावलं नव्हतं. आता पुण्याची इंजिनिअर शिकायला आली म्हटल्यावर तात्यांची छाती बनियनमध्ये मावेना.

"गाडीचा गुरू झालोय मी," त्यांनी घरी सांगितलं.

"आन् ती शिकल्यावर तुमी काय करनार?" त्यांच्या बायकोनं, सारजाबाईंनी विचारलं.

सारजाबाईंचे प्रश्न नेहमी असेच. भाकरी परतता परतता विचारलेले. तात्या हात धुवायला उठले.

तीन महिने ट्रकनं सगळं नीट बघितलं. मग एक दिवस चाचणी निघाली. चालकाच्या जागी तात्या, पण हात मांडीवर. शेजारी कारखान्याचे राजवर्धन साहेब, मागं मॅडम. स्टिअरिंग आपोआप फिरायला लागलं आणि तात्या त्याच्याकडं बघत राहिले. छप्पन्न वर्षांचा माणूस, दुसरं काही येत नाही, आणि येतं ते आता लोखंडालाही येत होतं.

गेटबाहेरच्या मारुतीसमोर ट्रक आपणहून थांबला.

"काय झालं?" साहेब दचकले.

"काय न्हाय. पाया पडतोय."

पुढं सरळ रस्त्यावर ट्रकनं एकदम उजवीकडं कट मारला. समोरचा मोटारसायकलवाला शिव्या घालत उसात शिरला.

"तितं खड्डा हुता," तात्या म्हणाले. "बुजवलाय कवाच. मी आपला सवयीनं चुकवतो."

ढवळ्याशेजारी बांधला पवळा, वाण नाही पण गुण लागला!

परतीला निरवांगीच्या अलीकडं ट्रकनं दोनदा हॉर्न वाजवला आणि थोडं पुढं जाऊन थेट तात्यांच्या दारात उभा राहिला. ही नवरा-बायकोची खूण होती. हॉर्न ऐकला की सारजाबाईंनी चहा ओतायचा, डाव्या खिडकीतून आत द्यायचा, तात्यांनी घाईघाईनं पिऊन निघायचं. आजही सारजाबाई आल्या आणि न बघता ग्लास आत सारला. तो साहेबांच्या मांडीवर रिकामा झाला.

"अगं बया!" सारजाबाई ओरडल्या. साहेब त्याहून मोठ्यानं ओरडले.

तात्यांना आतून गुदगुल्या व्हायला लागल्या. गाडी नापास! आपली नोकरी वाचली! त्यांनी मनातल्या मनात मारुतीला नारळ बोलला.

"काय सुंदर शिकलीय!" मागून मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "आता फक्त नको ते काढून टाकायचं."

त्यासाठी आठ दिवस तात्यांनाच कॉम्प्युटरशेजारी बसवलं.

"तात्या, हे गेटबाहेर थांबणं?"

"मारुती हाय... काढा."

"हा खड्डा?"

"काढा."

"आणि हे घरासमोर?"

आपलं अकरा वर्षांचं जगणं एकेक करून पुसायला आपल्यालाच बसवलंय, हे त्यांना त्या खुर्चीत कळलं. त्यांनी रुमालात नाक शिंकरलं. एसीच्या गारव्यानं म्हणायची सोय होती, एवढंच.

"काढा," ते म्हणाले.

"आणि त्याच्या आधीचे दोन हॉर्न?"

"ते ऱ्हाऊ द्या!" तात्या घाईनं म्हणाले. "आंधळं वळन हाय तितं. लेकरं आडवी येत्यात."

मॅडमनी नकाशा मोठा केला. रस्ता पट्टीनं आखल्यासारखा सरळ होता. त्यांनी तात्यांकडं बघितलं, मग पडद्याकडं, आणि 'आंधळं वळण' असं टाइप केलं.

महिनाअखेरीला तात्यांचा निरोप समारंभ झाला. साहेबांनी शाल आणि नारळ दिला. म्हणजे मारुतीला बोललेला नारळ शेवटी तात्यांनाच मिळाला, आणि दोन्ही अर्थांनी मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता दोन हॉर्न वाजले. सारजाबाई चटकन उठल्या, चहा ओतला, पदर सावरत रस्त्याकडेला गेल्या. ट्रक समोरून न थांबता निघून गेला. चालकाच्या जागी कुणीच नव्हतं. धूळ खाली बसेपर्यंत त्या ग्लास धरून तशाच उभ्या राहिल्या. मग वळल्या. दारातल्या खाटेवर तात्या बसले होते.

"अगं बया," त्या हळूच म्हणाल्या, "तुमी तर हितंच हाय की."

तात्यांनी हात पुढं करून ग्लास घेतला आणि गाडी खोळंबली असल्यासारखा घाईघाईनं तीन घोटांत संपवला.