चाळीस सारखे दाणे

सुकदेवने त्या दिवशी सही घेऊन मुकाट्याने परत जायला हवं होतं. फाईल पुढे ठेवायची, साहेबांनी सही केली की शाई टिपायची आणि चालू लागायचं, एवढंच त्याचं काम. धुळ्याच्या कचेरीत हत्यारांच्या परवान्यांचं टेबल त्याच्याकडे होतं. जिल्ह्यातल्या बठ्ठ्या, म्हणजे झाडून सगळ्या, बंदुकांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. (स्वतः त्याने आयुष्यात एकदाच बंदूक उडवली होती. तिच्या दणक्याने तो उताणा पडला, आणि गोळी कुठे गेली ते अजून कुणाला कळलेलं नाही.)

पण त्या दिवशी डेप्युटीसाहेब आपणहून बोलायला लागले. साहेब धुळ्याच्या रायफल क्लबाचे कॅप्टन होते. दर जानेवारीत पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश अशी नेमबाजीची मॅच व्हायची, आणि धुळ्याचा क्लब लागोपाठ तीन वर्षं जळगावकडून हरला होता.

"सुकदेवराव," साहेब खिन्नपणे म्हणाले, "माझी बंदूक चांगली. माझा हात स्थिर. नऊ गोळ्या मध्यावर लागतात, मग दहावीच कुठे भटकायला जाते?"

"काडतूस, साहेब," सुकदेव बोलून गेला.

"म्हणजे?"

आता माघार नव्हती. सुकदेवने परवान्यांच्या रजिस्टरखाली ठेवून वाचलेल्या कॅटलॉगांतली सगळी विद्या ओतली. ही बावीस नंबरची काडतुसं करंगळीच्या पेराएवढी. त्यांची दारू पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो. बंदुकीची सुई त्या कडेवर आपटते आणि बार उडतो. एखाद्याची कड जाड, एखाद्याची पातळ, एखाद्यात दारू चिमूटभर कमी. मग गोळी वर नाहीतर खाली जाणारच. नेमबाज बिचारा आपल्या हाताला दोष देत बसतो.

"शाबास!" साहेब म्हणाले. "या वर्षीची काडतुसं तुम्ही निवडायची."

असा सुकदेव काडतूसमास्तर झाला. त्याने मुंबईहून चार तऱ्हांची खोकी मागवली. साहेबांना मैदानावर पालथं झोपवलं, बंदुकीखाली वाळूची पिशवी दिली आणि प्रत्येक खोक्यातली दहा-दहा काडतुसं वेगवेगळ्या कागदांवर मारायला लावली. सोनेरी अक्षरांच्या लाल खोक्यातल्या गोळ्या ज्वारी पेरल्यासारख्या विखुरल्या. साध्या निळ्या खोक्यातल्या दहाही गोळ्या मात्र एका रुपयाखाली झाकल्या जातील एवढ्या दाटीने लागल्या.

"पण हे तर सगळ्यांत स्वस्त!" साहेब नाराज झाले.

"साहेब, बंदुकीला किंमत वाचता येत नाही."

हे वाक्य पुढे चार दिवस कचेरीत फिरलं. (फिरवण्याचं काम सुकदेवनेच केलं.) मग त्याला आणखी एक शोध लागला. दुसरं निळं खोकं फोडलं तर त्यातल्या गोळ्या पुन्हा पसरल्या! खोकं तेच, पण झाकणाच्या आत छापलेला नंबर वेगळा. म्हणजे एका घाण्यातलं तेल आणि दुसऱ्या घाण्यातलं तेल यांत जसा फरक, तसाच हा. सुकदेवने मुंबईला तार केली आणि पहिल्या नंबराची होती नव्हती तेवढी पाचशे काडतुसं मागवून घेतली.

इथे थांबला असता तरी त्याचं नाव झालं असतं. पण त्याच्या डोक्यात वजन शिरलं. पाचशेंतली अगदी एका वजनाची चाळीस निवडायची आणि साहेबांना द्यायची. मॅचमध्ये साहेब सगळ्यांत शेवटी मारणार, आणि प्रत्येकाला चाळीसच गोळ्या. त्या चाळिसांत एकही भटकं नको.

एवढं बारीक वजन करणारा काटा सोनाराकडेच. रुपचंद सोनार सुकदेवच्या शाळेतला सोबती. त्याने काटा दिला, गुंजा दिल्या आणि शिशाची मऊ टोकं डब्यात खडखडून चेपली जाऊ नयेत म्हणून लाल मखमलीची एक पिशवीही दिली. आता जागेचा प्रश्न आला. कचेरीत वाऱ्याने काटा हलायचा. घरी मागच्या खोलीत वारा नव्हता, पण घरात बायको होती, शेवंताबाई.

शेवंताबाई बाई भली. पण लग्न झालं त्याच वर्षी तिने नवऱ्याला बजावलं होतं, "तुमन्या बंदुका कचेरीमा. मना घरमा दारूगोळा लया तर मी माहेर जास." सुकदेवला तिला समजावून सांगता आलं असतं. त्याऐवजी त्याने आयुष्यातली सर्वांत सोपी वाटणारी थाप मारली.

"कचेरीचं गुप्त काम आहे," तो म्हणाला. (क्लबात वावर वाढल्यापासून तो घरीही कचेरीतलं मराठी बोलायला लागला होता.) "मागच्या खोलीत यायचं नाही."

तीन रविवार तो दुपारभर दार लावून बसला. शेवंताबाई दाराशी तांदूळ निवडत बसायची. आतून सोनाराच्या काट्याची किणकिण यायची आणि नवऱ्याचं पुटपुटणं. "हा अर्ध्या गुंजेने हलका... हा चालेल... वा! काय दाणा आहे!... एकतीस झाले. नऊ राहिले. मग जळगावला दाखवतोच!"

तिसऱ्या रविवारनंतर चौथ्या दिवशी रुपचंद काटा परत न्यायला आला, तेव्हा सुकदेव घरी नव्हता. शेवंताबाईने चहाचा कप पुढे केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय हो रुपचंदभाऊ, काय मोजी राहिनात हाई इतला दिवस?"

रुपचंदला सुकदेवने शपथ घातली होती. तो कान पकडून म्हणाला, "वैनी, माले काही विचारू नका. पण एक सांगस. चाळीस दाणा, बठ्ठा सारखा. असं काम मी बी कधी देखं नही."

शेवंताबाईच्या हातातला कप तिरपा झाला. चाळीस सारखे दाणे! सोनाराचा काटा! लाल मखमलीची पिशवी! लग्नाला चौदा वर्षं झाली, गळ्यात काळ्या मण्यांशिवाय काही चढलं नव्हतं, आणि हा मुका माणूस मागच्या खोलीत बसून आपल्यासाठी एकदाणी निवडतोय. सोन्याच्या मण्यांचा एकपदरी सर! कपाटात ती पिशवी तिने हातावर तोलून पाहिली. अकरा तोळ्यांच्या खाली नक्की नव्हती. उघडायचा मोह झाला, पण तिने नाडीला हात लावला नाही. तो स्वतः देईल तेव्हाच बघायची.

त्या दिवसापासून सुकदेवच्या ताटाचं रूप पालटलं. भरीत, त्यावर कच्च्या तेलाची धार, कळण्याच्या गरम भाकरी, एक दिवस तर खापरावरचे मांडे. तो जेवताना शेवंताबाई वारा घालायची. सुकदेवला वाटलं, शेवटी हिला माझ्या कामाची किंमत कळली.

"जळगावले जावाना दिस ठरना का?" तिने विचारलं.

"परवा. पण तुला कसं कळलं जळगावचं?"

"माले बठ्ठं समजस," ती लाजून म्हणाली. "मी बी येस. नथ्थूभाऊना घर जाऊ. तठेच दाखाडा."

जळगावला तिचा भाऊ नथ्थू राहायचा. बायकोला मॅचचा कप भावाच्या घरी बघायची हौस आली आहे, असं समजून सुकदेवला भरून आलं. तो हो म्हणाला.

गाडीत गर्दी होती. चाळीसगावला बदलायचं होतं, आणि तिथले खिसेकापू साऱ्या खानदेशात प्रसिद्ध. सुकदेव पाण्याला उतरला, तेवढ्यात शेवंताबाईने त्याच्या पिशवीतली लाल मखमली पिशवी काढून आपल्या लुगड्याच्या निऱ्यांत कमरेशी घट्ट खोचली. जागा रिकामी दिसू नये म्हणून आपली सुपारीची लाल पिशवी तिथे ठेवली. पुरुषाच्या हातात अकरा तोळे सोपवायचे म्हणजे काय!

जळगावला उतरल्यावर सुकदेव क्लबाच्या मंडळींबरोबर मैदानाकडे गेला. "संध्याकाळी नथ्थूकडे येतो," तो म्हणाला. शेवंताबाईने मान हलवली.

मैदानावर दोन्ही जिल्ह्यांचे साहेब लोक, त्यांच्या बायका, शामियाना, चहा, सगळं होतं. धुळ्याच्या तीन नेमबाजांच्या गोळ्या मारून झाल्या. ते बाकीची निळी काडतुसं वापरत होते, आणि चमत्कार असा, की त्यांची एकही गोळी भटकली नाही. शेवटच्या जोडीला धुळे आणि जळगाव बरोबरीत आले. डेप्युटीसाहेब सतरंजीवर पालथे झाले. सगळं आता त्यांच्या चाळीस गोळ्यांवर होतं.

"सुकदेवराव, काडतूस," साहेबांनी निशाणावरची नजर न काढता मागे हात केला.

सुकदेवने डोळे मिटून, मनात देवाचं नाव घेऊन पिशवीत हात घातला आणि पहिला दाणा साहेबांच्या तळहातावर ठेवला. साहेबांनी तो बंदुकीत घातला. तो आत जाईना. साहेबांनी अंगठ्याने दाबला. मग डोळ्यांपाशी आणला.

"सुकदेवराव," साहेब हळू आवाजात म्हणाले, "ही सुपारी आहे."

"साहेब?"

"भाजकी."

सुकदेवने पिशवी उलटी केली. सतरंजीवर सुपारीची खांडं, चार लवंगा आणि एक अडकित्ता पडला. जळगावचे नेमबाज हसायला लागले. बाकीची निळी काडतुसं महिनाभराच्या सरावात आणि पहिल्या तिघांच्या हातून संपली होती. जळगावच्या कॅप्टनने मोठ्या मनाने आपलं लाल खोकं पुढे केलं. ते सोनेरी अक्षरांचंच होतं. साहेबांच्या चेहऱ्यावर ज्वारीची पेरणी दिसली. पंचांनी घड्याळ काढलं. "दहा मिनिटं देतो," ते म्हणाले.

त्याच वेळी नथ्थूच्या घरी शेवंताबाई पाटावर बसली होती. संध्याकाळपर्यंत गुपित ठेवायचं असं तिने ठरवलं होतं, पण भावजय बेबाबाईने गळ्यातली नवी पुतळ्यांची माळ तीनदा सरळ केली, आणि मग कुणाकडूनही राहवलं नसतं. आळीतल्या पाच-सहा बायका जमल्या. शेवंताबाईने पितळी ताट मागवलं आणि मखमली पिशवी त्यात ओतली.

ताट खणखणलं. बायका पुढे वाकल्या.

"हाई काय शे वो?" बेबाबाईने विचारलं. एक दाणा उचलून तिने टोकाशी पाहिलं. "वन्सं, याले तर शिसानं नाक शे."

नथ्थू शेतकरी, डुकरं हाकायला बंदूक बाळगणारा. त्याने ओळखलं आणि बायकोच्या हातातला दाणा काढून घेतला. "काडतूस शे!" बायका उठून ओसरीवर पळाल्या. शेवंताबाई एकटीच ताटासमोर बसून राहिली. तिला रडूही येईना. मग तिने काडतुसं पिशवीत भरली, पदर खोचला आणि म्हणाली, "नथ्थूभाऊ, टांगा बोलाव."

पंचांची आठ मिनिटं संपली होती, तेव्हा टांगा थेट शामियान्यापर्यंत आला. शेवंताबाई उतरली, साहेबलोकांमधून सरळ चालत आली आणि पिशवी नवऱ्याच्या छातीवर आदळली.

"ह्या ल्या तुमना दाणा! माले सांगता नही ऊनं का? चौदा वरीसमा एक शबद सांगता नही ऊनं?"

सुकदेवच्या डोक्यात आत्ता सगळं जुळलं. काटा, रुपचंद, मांडे, वारा घालणं. त्याच्या तोंडून एवढंच निघालं, "तुला... एकदाणी वाटली?"

तिने पदर आणखी घट्ट खोचला. तिचे डोळे मात्र भरले, आणि सुकदेवला वाटलं, त्या वेळी जळगावच्या सगळ्या बंदुका आपल्यावर रोखल्या तरी बरं.

"सुकदेवराव, काडतूस!" साहेब ओरडले.

तो गुडघ्यावर बसला आणि एकेक दाणा देत राहिला. चाळीसच्या चाळीस. एकही भटकला नाही. धुळ्याने दोन गुणांनी मॅच जिंकली. डेप्युटीसाहेब उठले ते रुपेरी कप घ्यायला नव्हे, तर शेवंताबाईला नमस्कार करायला. साहेबांच्या बाईंनी तिला हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं, चहा दिला आणि सगळी हकीकत ऐकली. त्या इतक्या हसल्या, की शेवटी शेवंताबाईलाही हसू फुटलं.

परतीच्या गाडीत पाचोऱ्यापर्यंत ती खिडकीबाहेर बघत बसली. पाचोऱ्याला नथ्थूने दिलेल्या केळ्यांतलं एक सोलून तिने नवऱ्यापुढे धरलं.

"एकदाणी करसू तुले," सुकदेव म्हणाला. कचेरीतलं मराठी कुठल्या कुठे पळालं होतं. "खरंच करसू."

"करा. पण दाणा मी निवडसू," ती म्हणाली.

सुकदेवने केळं खाल्लं. खिडकीतून वारा येत होता, बायको शेजारी होती, कप मागच्या डब्यात होता. माणसाला आणखी काय लागतं, असं त्याला वाटलं.

महिनाभराने विजयाच्या दिवशी काढलेला फोटो चौकटीत बसवून कचेरीत लागला. मध्ये डेप्युटीसाहेब, त्यांच्या हातात कप. उजवीकडे त्यांच्या बाई. डावीकडे खुर्चीवर शेवंताबाई, पदर डोक्यावर, मान ताठ. मागे तीन नेमबाज. खाली सुंदर अक्षरांत सगळ्यांची नावं. सुकदेव अगदी कडेला उभा होता, आणि फोटोग्राफरला चौकट थोडी लहान पडली होती. म्हणून डाव्या कडेला त्याचं फक्त कोपर आलेलं आहे. क्लबाचा चिटणीस नेटका माणूस, त्याने तेही सोडलं नाही. नावांच्या ओळीत शेवटी लिहिलंय: "सौ. शेवंताबाई, व त्यांचे यजमान (कोपर)."