अटींची साफसफाई

मी लिहिलेला प्रोग्राम चुकत नाही. हे मी नम्रपणे सांगते, कारण दुसरं काही मिरवण्यासारखं माझ्याकडे नाही!

सात रस्ता चौकातल्या आमच्या ऑफिसात डेटाबेसशी कोणी थेट बोलत नाही. कोणती माहिती हवी, त्याच्या अटी आपण आपल्या परीने लिहायच्या. मधली लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, त्या डेटाबेसला कळतील अशा करून पुढे पाठवते. आणि लोक अटी कशा लिहितात? लग्नाला निघालेल्या पाहुण्यांच्या बॅगेसारख्या! एकात एक कोंबलेल्या, निम्म्या बिनकामाच्या. मी लायब्ररीला एक भाग जोडला. तो गुंता सोडवतो, फालतू अटी गाळतो आणि अर्थ तोच ठेवून सर्वांत सुटसुटीत रूप हातात देतो. या कामाच्या जोरावर यंदा टीम लीडर मीच होणार, याची मला खात्री होती.

टॉवेल कारखान्याचे मालक वीरभद्रप्पा सॉफ्टवेअर बघायला आले. आमचे मालक शिवराज सर उत्साहात म्हणाले, "जोया मॅडम, आपल्याच ऑफिसची एखादी अट चालवून दाखवा. मोठी घ्या, दणदणीत!"

सर्वांत मोठी अट सरांनीच लिहिलेली होती: टीम लीडर कोणाला करायचं. दरवर्षी ते तिच्यात भर घालत. अनुभव, शिक्षण, हजेरी, स्वभावसुद्धा! पडदाभर नुसते कंस. मी बटण दाबलं.

एकच ओळ उरली: कर्मचारी क्रमांक सात.

"सात नंबर म्हंजे माग का?" वीरभद्रप्पांनी विचारलं.

"मी! मी!" सरांचा भाचा कुमार बशीत चहा सांडत उभा राहिला.

"बिघडलंय ते!" सर ओरडले. "अनुभव कुठं गेला?"

"सर, तुम्ही लिहिलंय, अनुभव असेल आणि क्रमांक सात असेल, किंवा अनुभव नसेल आणि क्रमांक सात असेल. म्हणजे अनुभवाने फरक पडत नाही. शिक्षणाचंही तसंच. हजेरी..."

"पुरे!"

"थांबा सर, जुन्या रूपानेही पडताळते." पडताळलं. पुन्हा कुमारच!

वीरभद्रप्पा खुर्ची करकरेपर्यंत हसले. "शिवराज, लई कष्ट घेतलास की! माझा मॅनेजर मेव्हणाच हाय. पण मी एवढं लिहीत बसत न्हाय. सरळ मेव्हणा म्हणतो!" मग माझ्याकडे वळून, "काम चोख हाय बरं का. ह्यांनाच पुढं करा की!"

सॉफ्टवेअर त्यांनी तिथल्या तिथे घेतलं. माझ्या आशेला पंख फुटले!

सोमवारी कुमार टीम लीडर झाला. मी सरांच्या केबिनमध्ये गेले.

"आता काय करू?" सर हात पसरून म्हणाले. "तुमच्याच प्रोग्रामनं सांगितलं की, इतकं स्पष्ट!"

दुपारी नवे टीम लीडर माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, ती ओळ लई उघडी दिसते. जरा अनुभव-बिनुभव घाला की. उत्तर तेवढं बदलू देऊ नका हं!"

मी सगळं परत घातलं. उत्तर बदललेलं नाही. कागदावर मांडूनही तपासलं.