तोंडानं वाजवून दाखवा

आमच्या बिल्डिंगमध्ये गाडी बिघडली की मालकाला आधी तिची नक्कल करावी लागते. तोंडानं. कंपाउंडमध्ये, सगळ्यांदेखत. ही म्हात्रेभाऊंची अट. दुसऱ्या मजल्यावरचे शहाभाई सीए आहेत, भलेभले त्यांच्यापुढे हात जोडून बसतात, पण सकाळी साडेसहाला हाफ पँटीत बॉनेटपुढे उभं राहून "घर्र... घर्र... फुस्स" करताना मी त्यांना पाहिलंय. भाऊ डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मग गंभीरपणे म्हणाले, "फुस्स आधी का घर्र आधी? नीट सांग."

भाऊ मूळचे इथल्याच गोडदेव गावचे. त्यांच्याच जागेवर आमची बिल्डिंग उभी राहिली आणि त्यांना तळमजल्यावर घर मिळालं. उभा जन्म घोडबंदरकडच्या एका बसगॅरेजात गेला. रिटायर झाल्यावर आम्ही बावीस गाडीवाले त्यांच्या तावडीत सापडलो. पैसे घेत नाहीत. चहा घेतात, तोही उभ्यानं.

"थंड इंजिन खरं बोलतं," हे त्यांचं लाडकं वाक्य. "तापलं की लबाडी सुरू." आल्या आल्या बॉनेटवर तळवा ठेवतात. जरा जरी कोमट लागलं, तरी "उद्या सकाली" म्हणून चालू पडतात. मग तुम्ही कितीही विनवण्या करा.

या जानेवारीत माझी पाळी आली. सकाळी गाडी सुरू केली की पाच मिनिटं नुसती थडथडायची, मग एकदम गुणी. पेणकरपाड्यातल्या गॅरेजात न्यावी तर तोवर ती तापून शहाणी झालेली. मेकॅनिक म्हणायचा, "साब, मक्खन चल रही है." मी खोटारडा ठरायचो. शेवटी नाक मुठीत धरून भाऊंकडे गेलो.

पहिल्या सकाळी मी "ढग-ढग-ठप्, ढग-ढग-ठप्" केलं. बायको गॅलरीतून हसत होती. भाऊंनी इंजिनावर हात ठेवला आणि प्रत्येक सिलिंडरला ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर एकेक करून काढली. पहिली काढली तर थडथड वाढली. दुसरी काढली, वाढली. तिसरी काढली तर फरकच पडेना.

"तिसरा नुसता बसून खातोय," भाऊ म्हणाले. "पन दोष त्याचा का कॉइलचा?" त्यांनी दुसरी आणि तिसरी कॉइल अदलाबदल केली. "उद्या सकाली. तिसरा सुधरला नि दुसरा बसला, तर कॉइल."

दुसऱ्या सकाळी गाडी सुरू केली आणि भाऊ म्हणाले, "वाजवून दाखव." नेमक्या तेव्हाच माझ्या मुलीच्या शाळेच्या प्रिन्सिपॉलबाई फिरायला निघालेल्या. लाज वाटली हो! मी नुसतेच ओठ हलवले, आवाज काढलाच नाही.

"हां!" भाऊ खूश झाले. "आज बराबर वाजवलंस."

इतकी वर्षं आम्ही त्याला भाऊंचा चक्रमपणा समजत होतो. त्यांना ऐकूच येत नव्हतं. ते आमचे ओठ बघत होते. हाताला लागलेली थडथड आणि आमच्या तोंडावरचा ठेका, एवढ्यावर त्यांचं सगळं चाललं होतं. चेहरे वाचायची सवय झालेली. माझाही त्यांनी वाचला.

त्यांनी बॉनेटवरचा हात काढून घेतला.

"चार वरसं झाली," ते खाली बघत म्हणाले. "डावा पार गेला. उजव्यानं थोडं, कोन जवल येऊन बोलला तर. पोरानं मशिन आनलं, त्यात कुकर नि बस सारखीच वाजते." मग हळूच म्हणाले, "बिल्डिंगमध्ये सांगू नको. बहिऱ्याला गाडी कोन दाखवल? मग मी सकाली उठू कशाला?"

मी मान हलवली, नाही सांगणार म्हणून. भाऊंनी आता दुसऱ्या जागी बसलेल्या कॉइलची वायर काढली. फरक पडला नाही. दोष कॉइलचाच होता.

तिसऱ्या सकाळी नवी कॉइल बसली आणि थंडगार गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. कसली थडथड नाही. भाऊंनी इंजिनावर हात ठेवला, समाधानानं मान डोलावली, पण घरी जाईनात.

"काय झालं, भाऊ?" मी जवळ जाऊन मोठ्यानं विचारलं.

"सगले बिघडलेलीच वाजवून दावतात," ते म्हणाले. "बरी झाली की गाडी घेऊन जातात. चार वरसांत बरी चाललेली गाडी मी ऐकली न्हाय."

प्रिन्सिपॉलबाई पुन्हा येत होत्या. शहाभाई पेपर घ्यायला खाली उतरले होते. मी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला, त्यांच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि इंजिनाचा सूर पकडून, छाती फुटेस्तोवर, एकसारखं घुमायला लागलो. भाऊंनी डोळे मिटून घेतले. दम संपला म्हणून मी थांबलो.

"थांबू नको," भाऊ म्हणाले.