सचिवसाहेबांचा अर्धा सिनेमा

आमच्या मुकुटबनात गेलं वर्षभर एकच सिनेमा चालू आहे आणि गेल्या रविवारपर्यंत त्याचा शेवट एकानेही पाहिलेला नव्हता. थिएटर म्हणजे माझ्या शेजारचं घर. मालक, ऑपरेटर आणि डोअरकीपर एकच, आसुटकर सचिव. दर रविवारी दुपारी चारला ते टीव्हीच्या पाठीत पेन ड्राइव्ह खुपसतात, एक तास नऊ मिनिटं सिनेमा दाखवतात आणि ऐन रंगात आलेला असताना थांबवून म्हणतात, "सिनेमा इथं तहकूब. आता मतं."

सचिव म्हणजे निवृत्त ग्रामसेवक. ग्रामसेवकाला इकडे सचिवच म्हणतात. झरी जामणी तालुक्यातल्या कितीतरी गावांत त्यांनी ग्रामसभा घेतल्या, त्यांची इतिवृत्तं लिहिली. पुढे नोकरी सुटली, पण इतिवृत्त काही सुटलं नाही. मी एकदा त्यांच्याकडे चहा प्यायलो आणि साखर जरा जास्त झाली म्हणालो, तर "नोंद घेतली" म्हणाले. पुढच्या खेपेला कप हातात देताना आधी वाचून दाखवावं तसं म्हणाले, "मागील सभेच्या सूचनेनुसार साखर कमी करन्यात आली." ओट्यावरच्या मांजराला हाकलतानाही ते "विषय संपला" म्हणतात. मांजराला ते पटत नाही, ही गोष्ट वेगळी.

सिनेमाचं नाव जर्मन आहे. सचिवांना ते उच्चारता येत नाही. मी इतिहासाचा मास्तर असूनही मला येत नाही. म्हणून गावात त्याला नुसतं 'जर्मनवाला' म्हणतात. नागपूरच्या भाच्याने पेन ड्राइव्हमध्ये घालून दिलेला. त्यात नाच नाही, गाणं नाही, एकट्याने पन्नास जणांना लोळवणारा हिरो नाही. बर्फातून मागे हटणारे दहा-बारा साधे जर्मन शिपाई आहेत. त्यांच्या उवा, त्यांच्या फुटलेल्या टाचा, त्यांची भूक, आणि त्यांच्यावर सदान्‌कदा ओरडणारा एक हवालदार. सगळे हिंदीत बोलतात, तेही अशा शुद्ध हिंदीत, की गोळी लागलेला माणूससुद्धा "मित्र, मुझे क्षमा करना" म्हणून मरतो.

सभेची सूचना फाटकाबाहेरच्या पाटीवर खडूने लिहिलेली असते. खाली एक ओळ: 'फक्त पुरुष सभासद.' मी एकदा विचारलं, बायकांनी काय घोडं मारलंय? त्यावर सचिव माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहून म्हणाले, "गुरुजी, महिला सभा वेगळी घ्या लागते. ग्रामसभेच्या आधी. नियम हाय." आणि ती महिला सभा घेणार कोण, हा प्रश्न त्यांच्या घरात उरलाच नव्हता, कारण त्यांच्या पत्नी विमलकाकूंना जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

पहिले काही रविवार मात्र बहार होती. अकरा लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि त्याही कमी पडायच्या. सिनेमा थांबला, की सचिव चष्मा पुसून जाडजूड नोंदवही उघडत आणि एकेकाला उभं करत.

गजानन शेतकरी माणूस. तूर आणि कापूस सोडून तिसऱ्या विषयावर तो सहसा बोलत नाही. पण पहिल्याच रविवारी तोही तापला होता. "एवढ्या बर्फात या पोट्ट्यायले धाडलं कोनं? ज्यानं धाडलं तो बुवा तं एकदाबी दिसला नाई!" सचिवांनी मान हलवत लिहिलं: 'श्री. गजानन यांनी वरिष्ठांच्या सततच्या गैरहजेरीबाबत तीव्र नाराजी व्यक्त केली.'

रशीदभाई मोटारसायकली दुरुस्त करतात. त्यांचा जीव त्या जर्मन ट्रकमध्ये अडकला होता. "एवढ्या थंडीत असा सेल मारत बसले तं गाडी चालू होईन का? पहले इंजन गरम करा न! लढाई बाद में." नोंद झाली: 'वाहन देखभालीत हयगय.' जंगलात मजुरीला जाणाऱ्या आत्रामने एवढंच सांगितलं, की हे लोक झाडीत फार आवाज करतात, अशानं ससासुद्धा जागेवर सापडायचा नाही. तेही लिहिलं गेलं.

मग गजाननने माझ्याकडे वळून विचारलं, "गुरुजी, हे जर्मन तं वाईट लोक होते न? पुस्तकात तसंच हाय न?"

मी घसा खाकरला. यांच्या सरकारने भयंकर पाप केलं, या फौजा जिथे गेल्या तिथे माणसं मारत गेल्या, यांच्यातलेही कितीतरी जण त्यात होते, असं वर्गात सांगतो ते सगळं सांगितलं.

"बरं. मंग तो लहाना पोट्टा मायचं पत्र वाचता वाचता मेला, तवा मले रडू आलं. ते बरोबर का चूक?"

वर्गात असा प्रश्न कोणी विचारत नाही. मी शाळेच्या कामांबद्दल काहीतरी पुटपुटून खाली बसलो. सचिवांनी गंभीरपणे लिहिलं: 'गुरुजींकडून खुलासा अप्राप्त. विषय प्रलंबित.'

पण अर्धा सिनेमा किती दिवस पाहायचा? थांबायची जागाही ठरलेली. एका पडक्या गोठ्यात शिपाई लोखंडी टोपात बटाटे उकडत बसलेत, हवालदार आत येतो, विस्तवावरून ओरडायला तोंड उघडतो, आणि तोंड उघडं असतानाच सचिव बटण दाबतात. लोक विचारत, पुढं काय झालं? "पुढचं पुढच्या सभेत." पुढच्या सभेत पुन्हा पहिल्यापासून. गजानन वेचणीच्या दिवसांत गळला. रशीदभाईंनी दुकानाचं निमित्त सांगितलं. आत्राम काही न सांगता यायचा थांबला. दिवाळीनंतर मी एकटा उरलो, तोही शेजारी असल्यामुळे. फाटकाशीच सापडायचो ना. सचिव मला धीर देत, "तहकूब सभेले गणपूर्ती लागत नाई, गुरुजी. एक मानूस पुरे." आणि तरीही अकराच्या अकरा खुर्च्या मांडत.

मी मनापासून कंटाळलो होतो हे कबूल करतो. माझी मतं संपली. एकदा मी म्हणालो बटाटे चांगले दिसतात, तर तेही लिहून घेतलं. सचिव मात्र प्रत्येक वेळी पेन उचलून माझ्या तोंडाकडे असे पाहत बसायचे, की जणू आज मी काहीतरी सांगणार आहे. मी सांगितलं, की त्यांचा चेहरा उतरायचा. "हे नाई," असं हळूच म्हणायचे आणि वही मिटायचे.

गेल्या रविवारी मी पायात चपला घालून मागच्या दाराने पळ काढत होतो. माझ्या बायकोने, कल्पनाने, मला धरलं.

"एकटा मानूस हाय तो. तुमचं काय जाते जी दोन घंटे बसाले? चाला, मीबी येतो."

"महिला सभा झाली नाही," मी म्हणालो.

"आता होईन," ती म्हणाली.

तिला दारात पाहून सचिव गोंधळले, पण बाईमाणसाला परत कसं पाठवणार? सिनेमा सुरू झाला. एक तास नऊ मिनिटांनी हवालदाराचं तोंड उघडं राहिलं, आणि माझा मात्र तोल गेला. बायकोसमोर माणूस जरा जास्तच शूर होतो. "साहेब, आज शेवटपर्यंत दाखवा, नाहीतर पुढच्या रविवारी मी येणार नाही."

सचिवांनी रिमोट मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "पुढचं मीच पाह्यलं नाई, गुरुजी."

आणि त्यांनी सांगितलं. हा सिनेमा पहिल्यांदा लावला तेव्हा ते आणि विमलकाकू दोघंच होते. बरोबर इथे काकू म्हणाल्या, 'अहो, मले काय वाटते सांगू का?' सचिव म्हणाले, 'मधात बोलू नोको. पुरा पाह्य, मंग सांग.' काकू गप्प बसल्या. तेवढ्यात लाइन गेली, ती रात्री उशिरा आली. राहिलेला उद्या पाहू, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंच्या छातीत कळ आली आणि वणीच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

"जलमभर लोकायचे मतं लिहून घेतले," सचिव म्हणाले. "तिचंच राह्यलं. ती काय म्हननार होती, तेच मले समजत नाई. वाटलं, इथं थांबवून इचारत गेलो तं कोनाच्या तरी तोंडून निंघन."

मला बटाट्यांवर दिलेलं मत आठवून मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कल्पना मात्र एकदम पुढे सरकून बसली. "अन् वर्षभर तुमी या मानसायले इचारत बसले? मले इचारा न! काकूनं मले सांगतलं होतं."

सचिवांनी मान वर केली.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आमी गच्चीवर सांडगे घालून राह्यलो होतो. काकू म्हने, काल जर्मनचा सिनेमा पाह्यला. त्यातला हवालदार डिट्टो आमच्या ह्यायच्यासारखा हाय. साऱ्या पोट्ट्यायवर खेकसत राह्यते, अन् त्यायच्याबिगर घडीभर राहात नाई. मले म्हने त्या पोट्ट्यायपेक्षा त्याचीच चिंता लागली. एकेक करून सारे गेले, तं हा खेकसन कोनावर?"

बाहेर एसटी थांबल्याचा आणि पुन्हा निघाल्याचा आवाज आला. सचिवांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं, आणि काहीच न लिहिता पुन्हा लावलं.

"हासून म्हनली का रागानं?" त्यांनी विचारलं.

"हासून जी."

"नक्की?"

"नक्की. हासता हासता त्यायचे दोन सांडगे वाकडे पडले. मीच सरके केले ते."

सचिव मान हलवत राहिले. मग त्यांनी रिमोट कल्पनाच्या हातात दिला. "तुमीच चालू करा, बाई. माह्याच्यानं होत नाई."

तिने बटण दाबलं. हवालदाराचं वर्षभर उघडं राहिलेलं तोंड हललं आणि तो शुद्ध हिंदीत त्या पोरांवर तुटून पडला. विस्तवावरून ओरडला, बुटांवरून ओरडला, आणि ओरडता ओरडताच आपल्या वाटणीचा बटाटा उरलेल्यांतल्या सगळ्यात लहान पोराच्या पुढ्यात टाकून दाराशी पहाऱ्याला जाऊन बसला.

"खेकसतेच हो हा," सचिव म्हणाले. ते हसले, आणि मग त्यांना रडू फुटलं. मी उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसलो. कल्पनाने सिनेमा थांबवला नाही. त्यांना मोकळं रडता यावं म्हणून तिने आवाज तेवढा थोडा वाढवला.