स्वादुपिंडींच्या किल्लीकरांची कत्तल

श्रीअन्नपूर्णा समर्थ, तिनें दिलें तें अंगीं लागो. शके सोळाशें बारा, पंचांगांत न सांपडणारें मधुनाम संवत्सर, ते समयीं देहराज्यांत स्वादुपिंड म्हणोन परगणा, त्यांतील एका बेटावर खेळोजी किल्लीकर भाऊबंदांसह नांदत असत. राज्यांत साखर रक्तनदीनें येई, परंतु घरोघरचीं दारें किल्लीवांचून उघडत नसत, आणि किल्ली घडविणें हें याच कुळाचें वतन. कूळ बुडालें तर भरल्या नदीकांठीं राज्य उपाशी मरावें, ऐसी गोष्ट.

आणि दंडक ऐसा कीं, घरांत जें घडतें त्याचा तुकडा ज्यानें त्यानें दारीं टांगावा, गस्तीच्या पांढऱ्या शिपायांनीं तो पाहून घरचा कीं परका हें ठरवावें. त्या सालीं परमुलखींचे चोरटे बेटांत शिरले, ते मारिले गेले, मग गस्त संशयी जाहली, आणि त्या धामधुमींत किल्ल्यांची मागणी वाढून किल्लीकरांवर कामाचा डोंगर पडला. खेळोजींचे धाकटे बंधु मानाजी यांचा हात चुकला आणि त्यांचे दारीं वांकडी किल्ली लागली. जमादार सिदोजी थबकले. म्हणाले, "हा माल आपला नव्हे." खेळोजी धांवत आले, "जमादारसाहेब, हात थकला म्हणोन किल्ली वांकली, माणूस तोच आहे! तुमचे घरचें दार त्याणेंच उघडलें." जमादार बोलिले, "आम्ही माणूस पाहत नाहीं, तुकडा पाहतों," आणि मानाजींस उंबऱ्यावरच कापिलें.

मग खेळोजींनीं घात केला. भावकीस सांगितलें, "आपण घरचेच आहों हें दाखवूं, एकाचे जागीं दहा तुकडे टांगा." दारें किल्ल्यांनीं भरलीं, परंतु गस्तीस आतां किल्ली हीच परक्याची खूण वाटत होती, आणि जेथें किल्ल्या फार तेथें तलवार आधीं गेली. कुंपणानेंच शेत खाल्लें. उरले ते मेलेल्यांचें काम ओढीत राहिले, म्हणोन राजास बहुत दिवस कांहींच कळलें नाहीं. शेवटीं किल्ल्या पुरेनात, साखर नदींतच तुंबली, आणि राजा तहानेनें व्याकुळ होऊन मंचकावर पडले तेव्हां वैद्य धांवले, आणि परमुलखींच्या किल्ल्या सुईवाटे नदींत येऊं लागल्या. त्या कोणाचे दारीं टांगलेल्या नव्हत्या; सिदोजींनीं बाजूस सरून वाट दिली.

खेळोजी एकटेच उरले होते. त्यांणीं ती परकी किल्ली पाहिली, आपल्याच घडणीची होती. मग रात्रंदिवस खपून उभ्या जन्मांत घडविली नव्हती ऐसी सरळ किल्ली घडविली आणि दारीं टांगिली. गस्तीस आतां सरळ-वांकडें उरलें नव्हतें. "जमादारसाहेब, ही तर नीट आहे," इतकेंच खेळोजी बोलिले.

तात्पर्य, परका पाहुणा जाहला आणि घरचा मारिला गेला. राज्य सुईच्या टोंकावर चाललें आहे, आणि सिदोजी रिकाम्या बेटावर अद्याप गस्त घालितात. झालें तें लिहिलें. गोड मानून घेणें.