बारशाचा पासवर्ड

"आजपासून आपल्या वायफायमधी चिलटसुद्धा शिरणार न्हाई!"

नातीच्या बारशाच्या दिवशी भल्या सकाळी हिंदुरावांनी ही घोषणा केली आणि विजयमालाबाईंनी कपाळाला हात लावला. चाळीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता त्यांच्या गाठीशी! हिंदुरावांनी ज्या ज्या गोष्टीचा बंदोबस्त केला, ती ती गोष्ट पुढे घरच्यांनाच मिळाली नव्हती. मांजरापासून दूध वाचवायला त्यांनी फडताळाला कुलूप घातलं, तेव्हा किल्ली फडताळातच राहिली. उंदीर येऊ नयेत म्हणून मोरीचं भोक बुजवलं. उंदीर आले नाहीत हे खरं, पण पाणीही गेलं नाही. आता वायफायची पाळी होती.

खराडीत आज जिथे काचेच्या इमारती उभ्या आहेत, तिथे हिंदुरावांची ज्वारी असायची. ज्वारी गेली, तीन मजली घर आलं, वरच्या खोल्यांत आयटीतली पोरं भाड्याने राहायला आली आणि हिंदुरावांना भरपूर मोकळा वेळ मिळाला. मुलगा विक्रम जर्मनीला जाताना घरात कॉम्प्युटर ठेवून गेला. मोकळा वेळ आणि कॉम्प्युटर या दोन गोष्टी हिंदुरावांच्या हाती एकदम पडायला नको होत्या, असं विजयमालाबाईंचं स्पष्ट मत होतं.

वरचा भाडेकरू तेजस, वाशीमचा गुणी पोरगा, त्याने काकांचा ब्राऊझर हौसेने सजवून दिला होता. अक्षरं किराणा दुकानाच्या पाटीएवढी मोठी. मागे हिंदुरावांच्या सर्जा बैलाचा फोटो. इंटरनेट उघडलं की आधी सर्जा रोखून बघायचा, मग बाकीचं जग दिसायचं.

पण गेल्या आठवड्यात ज्येष्ठ नागरिक संघात सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं आणि हिंदुराव तिथून घरी आले तेव्हापासून त्यांना जो तो चोर दिसायला लागला! दूधवाल्याच्या हातात मोबाईल दिसला तरी त्यांचे डोळे बारीक व्हायचे. ब्राऊझरला त्यांनी असं वळण लावलं, की बंद केला की त्याने सगळं विसरून जायचं. कुठे गेलो, काय पाहिलं, कुठला पासवर्ड टाकला, सगळं साफ! "चोर आला तरी त्याला काय मिळंल? कोरी पाटी!" हिंदुराव म्हणाले. आणि आज दार लावून, एकट्याने बसून त्यांनी वायफायचा पासवर्डही बदलला होता.

"अवो, पण पासवर्ड काय ठिवलाय?" विजयमालाबाईंनी विचारलं.

"त्यो सांगायचा नसतो. पण तुला ठाऊक हाय. ह्या घरात फकस्त तुला नि मला ठाऊक असंल, अशी गोष्ट हाय ती." हिंदुराव मिशीतल्या मिशीत हसले. "आठीव जरा!"

विजयमालाबाई पुढचं विचारेपर्यंत गाडी फाटकाबाहेर गेली होती. हिंजवडीहून लेकीला, राजनंदिनीला आणायचं होतं. बाळाची आत्या ती! आत्याशिवाय बारसं व्हायचं कसं?

*

दुपारपर्यंत हॉल बायकांनी भरला. विक्रम ज्यात वाढला तो पाळणा माळ्यावरून काढून झेंडूने सजवला होता. नात हजारो कोस दूर, म्हणून पाळण्यात टोपडं घातलेला वरवंटा निजवला होता. घुगऱ्यांचं पातेलं भरलं होतं. समोरच्या भिंतीवर मोठा टीव्ही होता, तो कॉम्प्युटरला जोडला होता. मुहूर्त झाला की पडद्यावर सून ऋतुजा, विक्रम आणि बाळ दिसणार आणि विजयमालाबाई पाळणा म्हणणार, असा बेत होता. आजवर त्यांनी नात पाहिली होती ती दवाखान्यातून आलेल्या फोटोत, दुपट्यात गुंडाळलेली. नाकाच्या शेंड्यापलीकडे काही दिसलं नव्हतं. आज ती घरी आली होती, आज तिचा पुरता चेहरा बघायचा होता. आठवडाभर त्या भाकऱ्या थापताना आपल्या आईचा पाळणा घोळवत होत्या.

"जाऊबाई, नाव काय ठिवणार पोरीचं?" धाकट्या जाऊबाई आनंदीबाई यांनी विचारलं. आनंदीबाईंना कुठलीही बातमी आधी लागते आणि ती त्यांच्या पोटात कधी राहत नाही.

"आधी सांगत्यात व्हय!" विजयमालाबाई म्हणाल्या. मग वरवंट्याचं टोपडं सारखं करताना त्यांना उगाच वाटून गेलं, बाईला दोनदा नाव ठेवतात. एकदा पाळण्यात, एकदा लग्नात ताटातल्या तांदळावर. त्यांचंही पाळण्यातलं नाव वेगळं होतं. तिकडे पुरंदरात आई गेली, भाऊ गेला, आता त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. ताटातले तांदूळ तरी दुसऱ्या दिवशी शिजवून वाढले होते, ते नाव कुठे गेलं कुणास ठाऊक.

"काकू, वायफाय लागत नाहीये," कॉम्प्युटरशी बसलेला तेजस म्हणाला.

"तुमच्या काकांनी बदललाय पासवर्ड."

"नो टेन्शन! ब्राऊझरमध्ये सेव्ह असेल." त्याने ब्राऊझर उघडला. सर्जाने रोखून पाहिलं. बाकी कोरी पाटी! तेजसचा चेहराही तसाच झाला. "काकू, काकांनी याला सगळं विसरायला लावलंय! आता रिसेट करायचं तर कंपनीचा माणूस लागेल, आणि तो सोमवारी येतो."

"मग तुझ्या मोबाईलवर लाव की!"

पण चहूबाजूंनी काचेच्या इमारती उठल्यापासून या घरात मोबाईलला रेंज उरली नव्हती. बोलायचं तर गच्चीवर जावं लागायचं. "आपण सगळे गच्चीवर जायचं का?" तेजसने भीत भीत विचारलं.

"माझ्या नातीचं बारसं पाण्याच्या टाकीशेजारी? आणि माझं गुडघं कोण उचलणार, तू?"

शेवटी तेजसच गच्चीवर धावला आणि हिंदुरावांना फोन लावून धापा टाकत खाली आला. "काका वाकडच्या पुलाखाली अडकलेत. म्हणतात, फोनवर पासवर्ड सांगायचा नसतो!"

"त्यास्नी म्हण, बारसं हाय! मुहूर्त टळंल!"

तेजस पुन्हा तीन जिने वर आणि तीन जिने खाली. आता त्याच्या तोंडून शब्द फुटेना. "काका म्हणतात... काकूला ठाऊक आहे... शांतपणे आठवायला सांग. राजनंदिनीताई ओरडतायत त्यांच्यावर, तरी सांगत नाहीत. आणि काकू... मला वाटतं काका लाजतायत."

"लाजत्यात? ह्या वयात?" आनंदीबाई सरसावून बसल्या.

विजयमालाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, पाळण्याकडे पाहिलं आणि पदर खोचला. नातीसाठी काय वाटेल ते! फक्त दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट? अशा गोष्टी काय कमी होत्या? त्या तेजसच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी पुटपुटल्या.

"काय? कलप? मिशीला?" तेजस ओरडला. "काकांची मिशी काळी नाहीये?"

हॉलभर माना वळल्या! गावात हिंदुरावांच्या मिशीची ख्याती होती. 'गावरान तूप खा, मिशी कधी पिकणार न्हाई,' असं ते दर लग्नात पंगतीला सांगायचे. निम्म्या भावकीने त्या मिशीवर विश्वास ठेवून कोलेस्टेरॉल वाढवून घेतलं होतं.

"अगं बया! तुपाची मिशी कलपाची निघाली!" आनंदीबाई म्हणाल्या.

"मिशी स्मॉल लेटर्समध्ये टाकू?" तेजसने विचारलं. टाकली, चुकीचा पासवर्ड. कॅपिटलमध्ये टाकली, चुकीचा. कलप टाकला, तोही चुकीचा.

"मग ते बैलाचं असंल," विजयमालाबाई म्हणाल्या. आता कानाशी वाकण्यात अर्थ नव्हता. "पिसाळलेला सर्जा ह्यांनी शिंगं धरून आडवा केला म्हणत्यात ना? केला न्हाई. हे चिंचेवर चढून बसलं हुतं. मी गूळ दावून बैल गोठ्यात नेला, मग खाली उतरलं."

बायकांनी तोंडाला पदर लावले. एकीच्या हातातल्या घुगऱ्या सांडल्या. तेजसने 'चिंच' टाकून पाहिली, 'गूळ' टाकून पाहिला. वायफाय ढिम्म!

"विक्रम जर्मनीला गेला त्या दिवशी," विजयमालाबाईंचा आवाज जरा उतरला, "विमानतळावरनं आल्यावर हे मोरीत गेलं नि नळ सोडून रडलं. डोळं लाल दिसलं तर म्हणालं, साबण गेला. हातात साबण नव्हताच."

आता कुणी हसलं नाही. तेजसने न विचारता 'साबण' टाकला. लागलं नाही. त्यालाही वाशीमला आई-वडील होते, त्याने पुन्हा एकदा टाकून पाहिला.

"आणखी काय हाय, जाऊबाई?" आनंदीबाईंनी हळूच विचारलं.

"आणखी काय... सकाळचा चहा. सासूबाई हुत्या तवा चोरून करायचं, त्या उठायच्या आत. अजून तेच करत्यात. मी आयता पिते."

"रोज?"

"रोज."

आनंदीबाईंच्या यजमानांना घरात चहाची पावडर कुठे असते हे अजून ठाऊक नव्हतं. तेजसने 'चहा' टाकला, आलं घालून टाकला, साखरेसकट टाकला. व्यर्थ!

विजयमालाबाई पाळण्याशेजारी मटकन बसल्या. गुपितं संपली होती. चाळीस वर्षांचा सगळा खजिना त्यांनी भावकीसमोर उपडा केला, तरी नात काही दिसेना! मुहूर्ताला थोडाच वेळ उरला. तिकडे पोर पाळण्यात, इकडे वरवंटा. त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "मलाच ठाऊक असंल म्हणाले," त्या म्हणाल्या, "आणि मलाच आठवंना. कसली बायको मी!"

*

तेवढ्यात फाटक वाजलं. हिंदुराव आत आले, मागून राजनंदिनी आली, तिचं तोंड रागाने लाल झालेलं. साऱ्या बायकांची नजर एकदम हिंदुरावांच्या मिशीवर गेली आणि तिथेच थांबली.

"काय झालं? असं काय बघताय?"

"काही न्हाई, भावजी," आनंदीबाई म्हणाल्या. "मिशी छान दिसतीय. चिंचेखाली कोण पिसाळलेला बैल बांधून गेलं न्हाई ना, एवढंच बघत हुते."

हिंदुरावांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने खाली पाहिलं. वायफायमध्ये चिलट शिरलं नव्हतं, पण घरातून सर्जा बैलासकट सगळं बाहेर गेलं होतं, हे त्यांना समजलं.

"ते राहू द्या," विजयमालाबाई उठल्या आणि कॉम्प्युटरसमोर जाऊन बसल्या. "मला सांगा पासवर्ड. माझ्या नातीला बघायचं हाय, मीच टाकणार."

हिंदुरावांनी हॉलभर पाहिलं. लेक होती, भावजय होती, तेजस होता, शिवाय अर्धी गल्ली. त्यांची मान लाल झाली. शेवटी ते वाकले, बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि तळहाताचा आडोसा करून एकच शब्द बोलले.

आता बारशाला कानात नाव सांगताना बायका काय करतात, हे का सांगायला पाहिजे? सवयीचा हात तो! कुणीतरी "कुर्रर्र!" केलं आणि हिंदुरावांच्या पाठीत धपाधप धपाटे पडले. आनंदीबाईंनी तर मिशीचाही हिशेब त्यात चुकता केला.

विजयमालाबाईंना त्यातलं काही ऐकू आलं नाही. त्या कीबोर्डवर बोट टेकवून तशाच बसल्या होत्या.

अंजिरा.

पुरंदरातल्या अंजिराच्या बागेत जन्मलेली पोर म्हणून आजीने ठेवलेलं नाव. तांदळावर अंगठीने 'विजयमाला' लिहिलं गेलं, त्या दिवसापासून या घरात कुणी एकदाही न उच्चारलेलं.

"तुमच्या... ध्यानात हुतं?" त्यांनी विचारलं.

"व्याख्यानात म्हणाले, घरात कुणालाच ठाऊक नसलेला शब्द घ्या," हिंदुराव पाठ चोळत पुटपुटले. "म्हटलं, असा एकच हाय. नाव काय मी बदललं हुतं? लग्नात माझ्या आत्यानं सांगितलं, मी लिहिलं. मला आधीचंच आवडलं हुतं. पण म्हणायचं कुणाला?"

विजयमालाबाईंनी एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, नाव टाकलं. एवढं सावकाश, की तेजसची बोटं शिवशिवली. पण त्याने मदत केली नाही, तोंड फिरवून उभा राहिला. शहाणा पोरगा!

वायफाय लागलं. सर्जाने रोखून पाहिलं, तो बाजूला झाला आणि भिंतभर नात दिसली. पुरती! कपाळ, डोळे, गाल, हनुवटी, सगळं जागच्या जागी. तिने मोठी जांभई दिली आणि हॉलमधल्या सगळ्या बायका एका सुरात "अगं बाईऽ" म्हणाल्या.

विजयमालाबाईंनी पाळण्याची दोरी धरली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीला पदर डोळ्यांना गेला.

"आई, तू रडतेयस का?" पडद्यावरून विक्रमने विचारलं.

"न्हाई रे. साबण गेला डोळ्यात."

हिंदुराव एकदम छताकडे बघू लागले. मग राजनंदिनीने माईकशी वाकून भाचीच्या कानात नाव सांगितलं. अगदी हळू, अगदी जिवापासून सांगितलं आणि धपाटेही खाल्ले. मग विक्रम म्हणाला, "ताई, तू म्यूटवर आहेस." त्यामुळे धपाटे पुन्हा खावे लागले. नाव ठेवलं निहिरा. त्याचा अर्थ काय, असं आनंदीबाईंनी विचारलं, तो कुणालाच सांगता आला नाही. पण घुगऱ्या उत्तम झाल्या होत्या.

घुगऱ्या खाता खाता तेजसने विचारलं, "काका, आम्हाला पासवर्ड?"

"तुमाला येगळा काढून दे, पाहुण्यांचा," हिंदुराव म्हणाले. "घरचा सांगणार न्हाई. सिक्युरिटी म्हंजे सिक्युरिटी!"

तेजसने वेगळा काढला आणि 'कलप' ठेवला. तो आता सगळ्या खराडीला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंदुराव नेहमीसारखे चहाचा कप घेऊन आले. ज्यांच्यापासून चोरून करावा असं घरात आता कुणीच नव्हतं, सासूबाईंचा फोटो तेवढा भिंतीवर होता. ते दारात थांबले, घसा खाकरला आणि हाक मारली, "अंजिरा, चहा."

विजयमालाबाई ताडकन उठून बसल्या. वर जिन्यात भाडेकरू पोरांची पावलं वाजत होती. त्यांनी लगबगीने कप हातात घेतला, पदराने तोंड पुसलं आणि दटावलं, "अवो, हळू बोला की! पासवर्ड हाय त्यो!"