सीलबंद पेटी गुरगुरते तेव्हा

मतदान यंत्रं तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत मी अठरा वर्षं काढली आहेत. माझ्या हातून पास झालेल्या यंत्रात आजवर कुणाला सुईच्या टोकाएवढी खोट सापडलेली नाही, हे मी कुणी न विचारता सांगतो. बायकोला तर रोज सांगतो. त्यामुळे मुख्य परीक्षकाची खुर्ची रिकामी झाली तेव्हा ती माझीच, असं मी धरूनच चाललो होतो. समितीच्या तिघांसमोर फक्त एक यंत्र तपासून, सील करून दाखवायचं होतं. आपल्या डाव्या हातचा मळ!

तपासणीच्या खोलीत मोबाईल आणायला सक्त मनाई आहे. दारावरची पाटी मीच लिहिली आहे, लाल अक्षरांत. आता तुमच्यापासून काय लपवायचं? मोबाईल मी रोज आत नेतो, कोटाच्या आतल्या खिशातून. यंत्राच्या पेटीत तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या आकड्यांत क्रमांक कोरलेला असतो. तो मला मोबाईलच्या टॉर्चशिवाय दिसत नाही, आणि चाळिशी लागली हे चारचौघांत कबूल कोण करणार?

त्या दिवशी मी क्रमांक टिपून घेत होतो, तेवढ्यात बाहेर समितीच्या पायांचा आवाज आला. घाईघाईत मोबाईल पेटीतल्या फोमखाली सारला. मग हजार मतं दाबून दाखवली. हजारच्या हजार जुळली! अध्यक्षबाई मान डोलवायला लागल्या आणि मी असा फुललो की मोबाईल पार विसरलो. यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनिअरने बॅटरी काढली, मी यंत्र पेटीत ठेवलं, लाख ओतली, तिघांच्या सह्या झाल्या. वर खणखणीत आवाजात वाचूनही दाखवलं, की हे यंत्र बाहेरून कोणताही संदेश घेत नाही.

आणि पेटी गुरगुरली.

मी म्हणालो, शेजारच्या खोलीतला पंखा असेल. पेटी पुन्हा गुरगुरली आणि टेबलावर बोटभर पुढे सरकली. कंपनीचा इंजिनिअर पांढराफटक पडला, कारण बॅटरी त्याच्या हातात होती. समितीतले तज्ज्ञ, ज्यांना आम्ही त्यांच्या मागे शंकासुर म्हणतो, ते पेटीला कान लावून बसले. त्यांचं निदान तयार होतं: आत छुपा रेडिओ आहे आणि बाहेरून कुणीतरी हुकूम सोडतंय. निवडणूक महिन्यावर आलेली, याच बनावटीची चार हजार यंत्रं गोदामात पडलेली. सगळी बाद करावी लागतील, म्हणाले.

इंजिनिअरने माझ्यापुढे हात जोडले. "साहेब, तुम्हीच सांगा. आतलं सगळं तुम्ही पाहिलंय."

पाहिलं होतं ना! बोललो तर खुर्ची जाते, गप्प बसलो तर या भल्या माणसाची नोकरी. खोटं कशाला बोलू, मिनिटभर मी खुर्चीच्या बाजूने होतो. मग त्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"सील फोडा," मी म्हणालो. "आत माझा मोबाईल आहे."

फोमखालून मोबाईल निघाला तेव्हा बारा कॉल येऊन गेले होते आणि तेरावा चालू होता. अध्यक्षबाईंनी स्वतः तो उचलला, स्पीकरवर टाकला.

"अय्या, उचलला कुणी?" पलीकडे माझी बायको. "अहो, प्लंबरचा फोन येणार आहे, आज मोबाईल घरी ठेवा म्हटलं होतं ना? ठेवला म्हणालात! मी मघापासून रिंग देऊन सोफ्याखाली शोधतेय."

"ताई, आता शोधू नका," अध्यक्षबाई शांतपणे म्हणाल्या. "सापडलाय."

अहवाल दोनच ओळींचा आला. सील फुटल्यामुळे यंत्राची नियमानुसार फेरचाचणी घ्यावी. परीक्षकाचीही घ्यावी.

यंत्र अकरा दिवसांत पास झालं. माझी अजून चालू आहे.